बडेबाबूंचा जर्मन वर्ग

बडेबाबूंनी माझी मुलाखत घेतली ती मे महिन्यात, भर दुपारी, गच्चीवरच्या पत्र्याखाली बसून. डोक्याला ओला पंचा गुंडाळलेला आणि अंगात काळा कोट. कोटावरची रेल्वेची पितळी बटणं कधीच गळून पडली होती. त्यांच्या जागी वेगवेगळ्या रंगांची बटणं लावलेली होती. मी मराठी घेऊन बी.ए. झाले होते. गोलीबार चौकातल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत तोवर कोणी मुलगी कॉलेजात गेली नव्हती. सर्टिफिकिटं छातीशी धरून मी घाम पुसत बसले होते. त्यांनी ती उघडूनसुद्धा पाहिली नाहीत.

"भांडता येते काय वं तुले?" त्यांनी विचारलं.

"कोणाशी?"

"कोणाशीबी. भाजीवाला, दूधवाला, रिक्षावाला."

"घरी आम्ही पाच बहिणी आहोत," मी म्हटलं.

"मग झालं. आमच्या जर्मन बाईले मराठी शिकवाची आहे. कविता-बिविता नको. भांडण शिकव. माणसाले एखाद्या गावात भांडता आलं ना, की ते गाव त्याले आपलं वाटते. मग तो जात नाही."

एवढं बोलून त्यांनी कोटाच्या खिशातून एक कांदा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून आमच्याकडे उन्हाळ्यात लोक खिशात कांदा ठेवतात, हे मला माहीत होतं. पण नेमणूक झाल्याची खूण म्हणून कांदा देतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. कागद नंतर मिळाला, पंधरा-वीस दिवसांनी, तोही मी मागितला म्हणून.

बडेबाबू हे त्यांचं नाव नव्हे. इटारसीच्या लाईनीवर छोट्या छोट्या स्टेशनांवर ते आयुष्यभर स्टेशनमास्तर होते. तिथले पोर्टर त्यांना बडेबाबू म्हणायचे, आणि ते संबोधन त्यांच्याबरोबर नागपूरला आलं. रिटायर झाल्यावर त्यांनी बर्डीच्या बाजारात एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर परदेशी भाषांचा वर्ग काढला. त्यांना स्वतःला एकही परदेशी भाषा येत नव्हती. इंग्रजीसुद्धा सिग्नल, पार्सल आणि 'लेट बाय' एवढ्यापुरती. मी एकदा विचारलं, की मग हा उद्योग तुम्हाला सुचला कसा. ते म्हणाले, "तीस वर्षं मी गाड्या सोडल्या. लोक खिडकीतून पाहत जायचे. उतरत कोणी नव्हतं. म्हटलं, आता कोणाले तरी उतरवू."

आणि ते खरोखरच लोकांना उतरवायचे. दक्षिणेकडून दिल्लीला जाणारी मोठी गाडी नागपूरला बराच वेळ थांबे. बडेबाबू प्लॅटफॉर्मवर हजर. फर्स्ट क्लासच्या डब्यांपुढून सावकाश चालत जायचे, खिडकीत गोरा चेहरा दिसला की थांबायचे, नमस्कार करायचे आणि विचारायचे, "व्हिच लँग्वेज?" माणूस दचकला तरी यांना काही वाटायचं नाही. कोणी कुतूहलानं उत्तर दिलंच, तर ते त्याचं तिकीट पाहायला मागत. लांबच्या तिकिटावर वाटेत उतरून पुन्हा पुढची गाडी धरता येते, हा नियम त्यांना पाठ होता. "दोन दिवस थांबा इथं," ते हातवारे करून सांगत, "तिकीट मरत नाही."

शंभरातले नव्याण्णव हसून खिडकी लावून घेत. पण हान्नाबाई उतरल्या.

हान्नाबाई चाळिशी ओलांडलेल्या, उंच, हाडापेराने मोठ्या. नवरा दक्षिणेतल्या एका गिरणीत यंत्रं बसवायला आला होता, तो तिथंच वारला. त्यानंतर बाई हैदराबादेत एका घरी मुलांना पियानो शिकवत. ते घरही मोडलं, तेव्हा दिल्लीला जाऊन मायदेशी परतायची काही सोय होते का, हे पाहायला निघाल्या होत्या. नागपूरला पाण्यासाठी खाली उतरल्या तर समोर बडेबाबू. मे महिन्यातली दुपार. बडेबाबूंनी त्यांना पाणी पाजलं, तिकीट पाहिलं आणि टांग्यात घालून घरी नेलं. बायकोला सांगून पिठलं, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. हान्नाबाईंच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. तांब्याभर पाणी संपवून त्यांनी डोळे पुसले आणि ठेच्याकडे बोट दाखवून आणखी मागितला.

बडेबाबू ही गोष्ट सांगताना इथे थांबत, ऐकणाऱ्याकडे एकदा बघून घेत. "त्याच वक्ती मी समजलो," ते म्हणत, "की ही बाई टिकते."

मुलाखत मे महिन्यातच घ्यायची हा हट्ट त्यांना एका फ्रेंच मास्तरामुळे जडला होता. तो मी येण्याआधीचा. वर्गाचं एक मंडळ होतं आणि अध्यक्ष एक वकील होते. धंतोलीत राहणारे, रीतभात पाळणारे, प्रत्येक वाक्य 'त्या अनुषंगाने'ने सुरू करणारे. त्यांनी डिसेंबरात या फ्रेंच मास्तराची निवड केली. थंडीचे दिवस, बाजारात संत्र्यांचे ढीग, संध्याकाळी शाल पांघरून फिरायला जायचं. मास्तर खूष. पण एप्रिल लागला आणि तो घरातून बाहेर पडेना. लोखंडी टबात पाणी भरून आत बसायचा आणि दाराआडून शिकवायचा. विद्यार्थी व्हरांड्यात मांडी घालून बसत, आतून क्रियापद ऐकू येई, बाहेरून सगळे ते म्हणत, मग आतून पाणी डुचमळल्याचा आवाज. मे लागताच तो निलगिरीला निघून गेला. बडेबाबू त्याला पोचवायला स्टेशनवर गेले, त्याच्यासाठी कैरीचं पन्हं बाटलीत भरून नेलं. राग वगैरे काही नव्हता. "त्याची चूक नाही," ते अध्यक्षांना म्हणाले. "तुम्ही त्याले हिवाळा दाखवला. अर्धंच गाव दाखवलं. आता आपण उन्हाळा दाखवून विचारू."

तेव्हापासून प्रत्येक मुलाखत मेमध्ये, बारा वाजता. मलाही त्यातून सूट नव्हती, मी नागपुरातच जन्मलेली असूनही.

दारावरच्या पाटीवर तीन भाषा लिहिल्या होत्या: जर्मन, फ्रेंच, रशियन. फ्रेंच मास्तर गेला होता आणि रशियन कधी आलाच नव्हता. अध्यक्ष म्हणत, पाटी खोटी आहे, ती बदला. बडेबाबू म्हणत, "पाटी काढली तर तो बिचारा आल्यावर वर कसा चढंल?"

माझी आणि हान्नाबाईंची शिकवणी रोज सकाळी. एक तास मी त्यांना मराठी शिकवायची, नंतर एक तास त्या मला जर्मन शिकवायच्या. हा दुसरा तास बडेबाबूंनी ठरवलेला नव्हता, तो आमचा आम्हीच सुरू केला. मी त्यांना पुण्याच्या पुस्तकातलं मराठी शिकवलं. 'मला कोथिंबीर हवी आहे' हे वाक्य त्या पाठ करून बर्डीच्या बाजारात गेल्या आणि परत आल्या त्या संतापूनच. भाजीवाल्याला कोथिंबीर कळली नव्हती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे सांगायचं मी विसरले होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्या मला बाजारात घेऊन जायला लागल्या. महिन्याभरात एका सकाळी मी ऐकलं, की ही साडेपाच फुटांची बाई कमरेवर हात ठेवून वांगीवाल्याला म्हणते आहे, "काहून गा, कालपासून लुटून राहिला मले. अन् सांबार कोठी आहे?"

वांगीवाल्यानं मुकाट्यानं सांबाराची जुडी पिशवीत टाकली. आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी वर्गात येऊन बडेबाबूंना सांगितलं, तर त्यांनी खालच्या शिंप्याला चहा मागवायला लावला आणि जिन्यात जो भेटेल त्याला तो प्रसंग पुन्हा पुन्हा सांगितला.

माणूस टिकवायची त्यांची आणखी एक रीत होती. ते कोणाला 'थांबा' असं कधी म्हणत नसत. आसपासच्या लोकांना मात्र गुपचूप सांगून ठेवत, की बाईंना काही ना काही काम सांगा. त्यामुळे शिंपी दुकान बंद करून गावी जाताना किल्ली हान्नाबाईंकडे देई. शेजारची सूनबाई बाळाला ताप आला की आधी त्यांच्याकडे धावत येई. बारशाला त्यांना बोलावणं, हळदीकुंकवाला बोलावणं, कोणाच्या मुलाच्या परीक्षेला दहीसाखर त्यांच्या हातून. हान्नाबाई एकदा मला म्हणाल्या, "इथं मला बाजारातून घरी यायला एक तास लागतो. रस्ता पाच मिनिटांचा आहे." पण त्या तक्रार करत नव्हत्या. चेहऱ्यावरून तसं वाटत तरी नव्हतं.

अशी तीन वर्षं गेली. मधल्या काळात राज्याची राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. सचिवालयातले कारकून ट्रंका बांधून निघाले, ओळखीच्या घरांना कुलपं लागली, बर्डीवरची गर्दी ओसरली. लोक उदास झाले होते. बडेबाबूंच्या वर्गात मात्र मुलं वाढत होती, कारण पूर्वेकडे ओरिसात जर्मन मंडळी पोलादाचा कारखाना उभारत होती. जर्मन भाषा येणाऱ्याला तिथे काम होतं, आणि चांगल्या मुलांना यंत्रकाम शिकायला जर्मनीला पाठवत होते. आमच्या वर्गातली काही मुलं त्याच आशेवर रोज सायकल मारत यायची.

मग त्याच कारखान्याची जीप एक दिवस आमच्या जिन्यापाशी येऊन उभी राहिली. दोन माणसं वर आली, हान्नाबाईंशी जर्मनमध्ये तासभर बोलली. त्यांना दुभाषी हवी होती. पगार आमच्या वर्गाच्या कितीतरी पट, राहायला घर. बाईंनी आठवड्याभरात कळवते म्हणून सांगितलं.

अध्यक्ष त्याच संध्याकाळी करारनामा लिहून घेऊन आले. पाच वर्षं वर्ग सोडणार नाही, असा. बडेबाबूंनी तो वाचला आणि घडी घालून परत दिला. "याच्यावर सही घेतली तर बाई इथं बसंल," ते म्हणाले, "पण शिकवणार नाही. मी पाहतो काय करायचं ते."

आणि दुसऱ्या दिवशी ते दिसेनासे झाले. घरी चौकशी केली तर बायको म्हणाली, "पास घेऊन गेले पूर्वेच्या गाडीनं. कायले, ते नाही सांगितलं." रिटायर झाल्यावर मिळालेला रेल्वेचा पास ते कधी वापरत नसत. चार दिवसांनी ते परत आले, डोळे लाल, कोटावर कोळशाची धूळ. तसेच वर आले. अध्यक्ष होते, मी होते, हान्नाबाई फळा पुसत होत्या.

"जाऊन आलो तिकडे," बडेबाबू म्हणाले. "बाईचं घर पाह्यलं."

"शाब्बास," अध्यक्ष म्हणाले. "कसं आहे? पाण्याचे हाल असतील."

"नाही. नळाले दिवसभर पाणी आहे. दोन खोल्या, पंखा. मागं झाडं लावाले जागा. तुमच्या तिकडला पाव भाजणारी भट्टी आहे, बाई. मी खाल्ला, कडक लागते. अन् रस्त्यानं लोक तुमच्या भाषेत बोलून राहिले. बायका बी आहेत, तुमच्याच वयाच्या."

खालून शिलाईच्या मशीनचा आवाज येत होता.

"मग?" हान्नाबाईंनी विचारलं.

"मग काय. चांगली जागा आहे. तुम्ही जा."

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यांना थांबवायला गेला होतात ना तुम्ही?"

"हो. म्हटलं, काही खोट सापडंल, ती येऊन सांगीन. नाही सापडली. आता खोटं कसं सांगू?"

हान्नाबाई डस्टर हातात धरून उभ्या होत्या. "तुम्हाला मी इथं नको आहे काय, बडेबाबू?"

"हवी आहे. म्हणून तर स्वतः जाऊन पाहून आलो," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसून बूट सोडायला लागले. लेस त्यांना काही केल्या सुटेना. शेवटी हान्नाबाईंनी खाली बसून ती सोडवून दिली. त्या रडत होत्या, पण ठेचा खाताना रडल्या असतील तशा, डोळे पुसत आणि हसत.

जाण्याआधी त्यांनी एकच गोष्ट मागितली. वर्ग बंद पडता कामा नये. "आणि शिकवायला कोण?" अध्यक्षांनी विचारलं. हान्नाबाईंनी माझ्याकडे बोट केलं. तीन वर्षं रोज एक तास. मला त्यांच्याएवढं नसलं तरी मुलांना परीक्षेपर्यंत न्यायला पुरेल इतकं येतं, असं त्यांनी सांगितलं. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, तसे ते वाईट गृहस्थ नव्हते, पण काळजी त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती.

"त्या अनुषंगाने विचार केला पाहिजे," ते म्हणाले. "परदेशी भाषा, तर परदेशी बाई असं लोक पाहतात. गोलीबार चौकातली मुलगी जर्मन शिकवते म्हटल्यावर वर्गात येणार कोण?"

"मी येतो," बडेबाबू म्हणाले.

आणि ते आले. हान्नाबाईंना गाडीत बसवून दिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी ते पाटी-पेन्सिल घेऊन पहिल्या बाकावर येऊन बसले. निम्मी मुलं आली नव्हती. आलेली मुलं मागे बसून एकमेकांना कोपरं मारत होती. मी हजेरी चुकून दोनदा घेतली. मी 'हे टेबल आहे' हे पहिलं वाक्य जर्मनमध्ये फळ्यावर लिहिलं, टेबल पुल्लिंगी असं सांगितलं आणि वळले, तर बडेबाबूंचा हात वर.

"बाई," ते म्हणाले. रोज मला 'पोरी' म्हणणारे बडेबाबू त्या दिवसापासून वर्गात मला 'बाई' म्हणायला लागले. "बाई, या भाषेत टेबल पुरुष काहून आहे?"

मुलं हसली. मला एकदम धीर आला, कारण हा प्रश्न मी स्वतः हान्नाबाईंना विचारला होता आणि त्यांना उत्तर देता आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते तसंच होतं. पण मी मराठी शिकलेली. "आपल्याकडे पाट तो, खुर्ची ती आणि टेबल ते," मी म्हटलं. "असं काहून आहे, ते तुम्हाला कोणी शिकवलं होतं?"

बडेबाबूंनी मागे वळून मुलांकडे पाहिलं. मागचा एक मुलगा म्हणाला, "माय बोलायची, ते ऐकूनच आलं." मग आम्ही सगळ्यांनी मिळून घरातल्या वस्तूंची लिंगं काढली, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला जर्मन. जमलं की टाळी, विरुद्ध गेलं की हशा. त्या संध्याकाळी खालचा शिंपी जिन्यात येऊन उभा राहिला, वर काय चाललंय ते पाहायला. न आलेली मुलं आठवड्याभरात परत आली.

बडेबाबूंची प्रगती भीषण होती. टेबल रोज नव्या लिंगात जाई. पण त्यांचे प्रश्न नेमके तेच असत, जे मागच्या मुलांना विचारायची लाज वाटे. एकाला काही कळलं नाही की बडेबाबूंचा हात वर जाई. ते खरंच अडत होते की मुलांचे चेहरे पाहून विचारत होते, हे मला कधीच कळलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं डोकं जुनं इंजन आहे, बाई. चढाव आला की थांबते."

परीक्षा मेमध्ये, अर्थातच. तोंडी परीक्षा घ्यायला हान्नाबाई रजा काढून आल्या. स्टेशनवर उतरल्यापासून वर्गात पोचेपर्यंत त्यांना दोन तास लागले, कारण बर्डीवरचा प्रत्येक भाजीवाला त्यांना थांबवत होता. दाराला वाळ्याच्या ताट्या लावल्या होत्या, त्यांवर शिंप्याचा मुलगा पाणी मारत होता. एकेक मुलगा आत गेला आणि एकेक जण उजळलेल्या चेहऱ्यानं बाहेर आला. जर्मनीला जायची आस असलेली मुलं सगळी पास. हान्नाबाईंनी माझा हात दाबला. अध्यक्ष दारात उभे होते. ते पुढे आले आणि मला म्हणाले, "बाई, पुढल्या वर्षीच्या नेमणुकीचं पत्र मी स्वतः लिहिणार आहे." मग म्हणाले, "अनुषंग वगैरे काही न घालता."

शेवटी बडेबाबू. कोटाची सगळी बटणं लावून ते खुर्चीत ताठ बसले. लेखी पेपरात त्यांना जवळजवळ काहीच आलं नव्हतं. हान्नाबाईंनी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. गाव विचारलं, तिथे ते अडखळले. मग बाईंनी जर्मनमध्ये सावकाश विचारलं, तुम्ही इथं काय करता?

बडेबाबूंनी कोटाचं वरचं बटण चाचपलं. ताटीवरून पाणी ठिबकत होतं. मी मनातल्या मनात उत्तर रचत होते, जणू ते त्यांना ऐकू जाईल.

"इश् ब्लायबं हीअर," बडेबाबू म्हणाले. मी इथं राहतो. इथंच थांबतो.

क्रियापद जागेवर होतं, प्रत्यय बरोबर होता, उच्चारसुद्धा चांगला होता. हान्नाबाईंनी चष्मा काढून ठेवला. माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "हे तर तोंडीत पास होऊन राहिले."

बडेबाबू दचकले. "पास? अन् पास झालो तर पुढल्या वर्षी बसू द्याल काय वर्गात?"

"नाही," मी म्हटलं. "पास झालेल्याला पुन्हा त्याच वर्गात कसं बसता येईल?"

"मग करू नका पास. लेखीत तर काही आलंच नाही मले. तो पेपर पाहा ना, बाई."

हान्नाबाईंनी पेपर पुढे ओढला. सगळीकडे टेबल स्त्रीलिंगी झालं होतं. त्यांनी मोठ्यानं हसत लाल पेन्सिलीनं नापास असं लिहिलं, मराठीत, सुवाच्य अक्षरात, आणि खाली सही केली.

बडेबाबू खाली उतरले आणि समोरच्या हलवायाकडून पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मुलांना दिले, अध्यक्षांना दिले, ताट्यांवर पाणी मारणाऱ्याला दिले. शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, "पास झाले काय गा, बडेबाबू?"

"नाही गा," बडेबाबू म्हणाले आणि त्याच्या हातावर दोन पेढे ठेवले. "साफ नापास. जूनपासून पुन्हा आहे माझा वर्ग."